माउलीच्या चेहऱ्यावर नसलेली सावली

आमच्या दुकानातून बाहेर गेलेल्या शेकडो चित्रांपैकी एकाच्याही दर्शनी बाजूवर माझे नाव नाही. बदलापूरच्या तीन-चार इमारतींच्या प्रवेशदालनांत, अंबरनाथच्या एका मंगल कार्यालयात, उल्हासनगरातल्या कितीतरी दिवाणखान्यांत माझ्या हातची तैलचित्रे टांगलेली आहेत. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढून घेतात. कधी आमंत्रणावरून गेलो तर मी जेवणाचे ताट हातात घेऊन दुरून त्यांच्याकडे पाहतो आणि कुणाला काही बोलत नाही. नक्कल करणाऱ्याने सही करू नये, हा आमच्या धंद्यातला संकेत आहे आणि तो मला मनापासून मान्य आहे. माझे पूर्ण नाव फक्त एका चित्रावर आहे. तेही पाठीमागे, पेन्सिलीने. ते तिथे का लिहावे लागले, हे सांगितल्याशिवाय माझ्या कामाविषयी अभिमानाने चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार नाही, असे मी समजतो.

मी मूळचा अंबरनाथचा. वडील तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. चित्रकला मी दोन ठिकाणी शिकलो. पहिले ठिकाण म्हणजे तिथल्या जुन्या शिवमंदिराची बाहेरची भिंत. शाळा सुटली की मी वही घेऊन तिच्यासमोर बसे आणि दुपारचे ऊन काळ्या दगडातल्या मूर्तींवरून कसे सरकत जाते ते पाही. आतल्या देवाशी आमच्या घराचे नाते उरले नव्हते. दगडावरच्या उन्हाशी माझे जुळले. दुसरे ठिकाण म्हणजे सिनेमाचे फलक. वीस फुटी चेहऱ्याचा अर्धा गाल उजेडात आणि अर्धा काळोखात ठेवला की तो चेहरा रस्त्याच्या पलीकडून अंगावर येतो, ही विद्या मी पंचवीस वर्षे राबवली. मग छापील फलक आले आणि आमचे काम वर्षभरात संपले.

दोन हजार सालाच्या सुमारास मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या लछमनशेठच्या फ्रेमच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूंना जीन्स शिवणारी मशिने, मध्ये हे दुकान. शेठने माझ्या जुन्या कामांचे फोटो चाळले.

"इतके वर्ष हिरो रंगवलेस ना? तेच काम आहे बाबा," ते म्हणाले. "फक्त इकडचे हिरो गोरे आहेत, जुने आहेत आणि मेलेले आहेत. तक्रार घेऊन कोणी येणार नाही."

ते जुने हिरो म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातली चित्रे. चहूकडे दाट अंधार, त्यात कुठूनतरी एकच उजेड येतो आणि कुणाच्या कपाळावर, कुणाच्या थरथरत्या हातावर, टेबलावरच्या पावावर पडतो. या शैलीला बरोक म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पण पहिल्याच दिवशी पुस्तकातले एक चित्र समोर ठेवून कुंचला उचलला, तेव्हा हाताला काही परके वाटले नाही. हे लोक आमच्याच जातकुळीतले होते. त्यांच्या साधुसंतांच्या चेहऱ्यावर जो काळोख होता, तोच मी खलनायकांच्या चेहऱ्यावर टाकत आलो होतो.

उल्हासनगरचा माल म्हटले की लोक हसतात आणि पुढे "म्हणजे डुप्लिकेट" असे जोडतात. सुरुवातीची काही वर्षे मलाही ते लागत असे. तो सल कर्णिक मॅडमनी काढला. त्या मुंबईतल्या एका कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवतात, राहतात बदलापूरला, आणि आपल्या चित्रांना फ्रेम करून घ्यायला आमच्याकडे येतात. एकदा मी एका चित्राची नक्कल करत असताना त्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गायकवाड, तुम्ही करताय हे काम मुघल बादशहांच्या दरबारात मानाचं होतं, माहीत आहे?" मग त्यांनी सांगितले. पाद्री मंडळी गोव्याहून बादशहाकडे जाताना युरोपातली छापील चित्रे भेट म्हणून नेत. दरबारातले चितारी त्यांच्या नकला करत, इतक्या हुबेहूब की अस्सल कुठले ते ओळखू येऊ नये. आणि उलटही घडले. आपल्याकडची दरबारी चित्रे जहाजांतून हॉलंडला गेली, तेव्हा तिथल्या एका फार थोर चित्रकाराने ती समोर ठेवून, पूर्वेकडूनच आलेल्या कागदावर, त्यांच्यावरून रेखाटने केली.

"म्हणजे तोही आमच्याच धंद्यातला," मी म्हणालो.

"तोही तुमच्याच धंद्यातला," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून 'डुप्लिकेट' हा शब्द मला लागेनासा झाला.

या धंद्यातल्या काही गमतीही सांगायला हव्यात. बदलापूरच्या एका बांधकाम व्यावसायिकाने आपल्या नव्या इमारतीच्या प्रवेशदालनासाठी मोठे चित्र मागितले: जेवणाच्या मेजाभोवती बसलेली माणसे आणि डावीकडून येणारा उजेड. आराखडा घेऊन गेलो तर तिथे वास्तुतज्ज्ञ बसलेले. ते म्हणाले, "या भिंतीवर पूर्व उजव्या हाताला येते. उजेड पूर्वेकडूनच आला पाहिजे." मी सांगून पाहिले की हा उजेड सूर्याचा नाही, दिव्याचा आहे. पण मालक म्हणाले, "मास्तर, दिवा पण पूर्वेला लावा ना, काय बिघडतं?" मी संपूर्ण चित्र आरशात दिसावे तसे उलटे करून रंगवले. सगळ्यांना पसंत पडले. उद्घाटनाच्या दिवशी मालकांच्या आई समोर खुर्चीवर बसल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि सर्वांसमोर विचारत्या झाल्या, "काय हो मास्तर, हे सगळेच्या सगळे डावखुरे कसे?"

मी पुढे तिथे जाऊन दोन माणसांचे हात बदलले. बाकीचे अजून डाव्या हातानेच जेवत आहेत. मॅडमना हे सांगितले तेव्हा त्या हसून हसून दमल्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र छापले की उलटे उमटते. तशी उलटी छापील चित्रे आपल्याकडे आली, आणि त्यांच्यावरून केलेल्या नकलांत डाव्या हाताने आशीर्वाद देणारे संतही सापडतात, असे त्या म्हणाल्या. माझ्या चुकीला इतके जुने घराणे मिळालेले पाहून मला बरे वाटले.

बदलापूरजवळच्या खरवईच्या विहारात बुद्धमूर्तीमागची भिंत रंगवण्याचे काम मी आपखुशीने घेतले होते. मस्तकामागे सोनेरी प्रभामंडळ काढले तेव्हा एक ज्येष्ठ उपासक जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "गायकवाड, हे जरा चर्चमधल्यासारखं वाटतंय हो." मी त्यांना सांगितले की गांधारातल्या बुद्धमूर्तींमागे हे वर्तुळ फार पूर्वीपासून आहे, पश्चिमेकडे ते संतांच्या मागे दिसते, आणि पाद्र्यांच्या चित्रांतून ते पुन्हा इकडे येऊन मुघल बादशहांच्या डोक्यामागे बसले. पहिले कुठले आणि दुसरे कुठले, यावर विद्वान अजून भांडतात. ते थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे फिरून फिरून घरी आलं. मग राहू द्या." इतका नेमका अभिप्राय मला कोणत्याही समीक्षकाकडून ऐकायला मिळालेला नाही.

आता दुरुस्तीविषयी. नक्कल हा आमच्या दुकानाचा एक हात, दुसरा जुन्या चित्रांची दुरुस्ती. हे काम मला रहमतचाचांनी शिकवले. ते दुकानातले सर्वांत वृद्ध कारागीर. आता ते नाहीत. जुने चित्र काळे पडते ते बहुधा दोन गोष्टींनी: वर बसलेली काजळी आणि पिवळा पडलेला वॉर्निशचा थर. काजळी काढण्यासाठी बांबूच्या काडीला कापूस गुंडाळायचा आणि तो चक्क थुंकीने ओला करायचा. ऐकून गिऱ्हाईक तोंड वाकडे करते, पण इतके सौम्य आणि इतके गुणकारी द्रव्य बाजारात मिळत नाही. वॉर्निशसाठी मात्र स्पिरिट लागते, आणि तिथे हाताची परीक्षा असते. एक क्षण जास्त झाला तर वॉर्निशबरोबर रंगही उठून येतो.

रहमतचाचांचे नियम दोनच होते. पहिला: "बेटा, ऐसा लगाओ कि अगला उतार सके." म्हणजे दुरुस्तीचा रंग थेट जुन्या रंगावर लावायचा नाही, मध्ये वॉर्निशचा एक थर द्यायचा, जेणेकरून पुढे कुणाला आपली दुरुस्ती चुकीची वाटली तर त्याला ती सहज पुसता यावी. दुसरा: जे केले ते चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचे. नाव नाही, फक्त काम.

दोन हजार पाच सालच्या ऑगस्टमध्ये फिलोमिनामावशी दुकानात आल्या. वसईकडच्या एका गावातल्या; मुलाच्या नोकरीमुळे बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला एक लाकडी पाट त्यांनी टेबलावर ठेवला. दीड हात उंच, आणि इतका काळा की पहिल्यांदा मला त्यावर काहीच दिसले नाही.

"आमची माउली आहे," त्या म्हणाल्या. "पणजीच्या पणजीपासनं घरात आहे. एवढ्या मेणबत्त्या लावल्या आम्ही तिच्यापुढं, की तिचं तोंडच आम्हाला दिसेनासं झालं. मास्तर, सणाला सगळं कुटुंब माझ्याकडे जमणार आहे. तोवर तिला जरा मोकळं करा."

सप्टेंबरातल्या माउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, सणाला साडेतीन आठवडे होते.

त्या पाटावरची काजळी काढतानाचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे आहेत. कापसाच्या एकेका बोळ्याबरोबर एकेक गोष्ट वर येत गेली. आधी निळा झगा. त्याला सोनेरी किनार. आणि ती किनार पाहताच कळले की रंगवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लुगड्याचा काठ होता. मग मांडीवरचे उघडे बाळ. त्याच्या कमरेला काळा करगोटा! युरोपातल्या कुठल्या चित्रात बाळ येशूला करगोटा असणार? मी शेठला हाक मारली. ते भिंग घेऊन पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, हा तर इकडचाच माणूस."

इकडच्याच कुणा चिताऱ्याने, कदाचित दोन-तीनशे वर्षांपूर्वी, कुठलेतरी युरोपी चित्र समोर ठेवून ते काढले होते. डावीकडे एक दिवा होता. झग्याच्या चुण्यांत, मागच्या भिंतीवर त्या दिव्याच्या गडद सावल्या होत्या. मात्र माउलीचा चेहरा, दिव्यापासून दूरचा गालसुद्धा, सारखाच उजळ होता.

इथे माझी चूक झाली. ती अडाण्याची नव्हती, जाणकाराची होती. पाच वर्षे मी बरोक चित्रांच्या नकला केल्या होत्या. डावीकडे दिवा असेल तर उजवा गाल काळोखात गेलाच पाहिजे, हे माझ्या बोटांना पाठ होते. तो काळोख इथे नव्हता, याचा एकच अर्थ मला सुचला: पूर्वी कुणीतरी भक्तिभावाने राखेने नाहीतर चुन्याने चेहरा घासला असणार आणि सावली पुसली गेली असणार. ती परत आणणे हे मी माझे कर्तव्य मानले.

सणाला सहा दिवस उरले होते. पावसाळी हवेत वॉर्निशचा थर सुकायला वेळ लागला असता. मी तो दिला नाही. इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो की ती घाई होती. खरे पाहता घाईपेक्षा खात्री जास्त होती. जे पुसावे लागणारच नाही, ते पुसता यावे अशी सोय कशाला, असे मला वाटले. मी थेट जुन्या रंगावर गडद तपकिरी सावली रंगवली, गालावरून कानापर्यंत. आणि पाटामागे लिहिले: 'चेहऱ्यावरील पुसली गेलेली सावली पूर्ववत केली.'

सण थाटात झाला. मावशींनी मला घरी बोलावले होते. मेणबत्त्यांच्या उजेडात माउलीचा तो अर्धा झाकोळलेला चेहरा पाहून जमलेली माणसे एकेक करून पुढे येऊन गुडघे टेकू लागली. मावशींच्या डोळ्यांत पाणी होते. प्रार्थना सांगणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. त्या रात्री मी घरी गेलो तो ताठ मानेने.

दिवाळीनंतर कर्णिक मॅडम आल्या. मी त्यांच्यापुढे तीन फोटो मांडले: काळा पाट, स्वच्छ केलेला पाट, पूर्ण झालेला पाट. त्यांनी करगोटा पाहून टाळीच वाजवली. मग त्यांनी मधला फोटो उचलून शेवटच्या फोटोशेजारी ठेवला आणि शेवटच्यावर बोट टेकवले.

"ही सावली कुठून आली?"

"पुसली गेली होती, मॅडम. मी परत आणली."

"पुसल्याच्या खुणा कुठे आहेत?"

मी मधला फोटो हातात घेतला. जी गोष्ट दोन आठवडे भिंगातून पाहूनही मला दिसली नव्हती, ती त्या एका प्रश्नाने दिसली. त्या बाजूच्या डोळ्याच्या पापण्या, केसांच्या सुटलेल्या दोन बटा, केसाहून बारीक रेघांनी काढलेल्या, जशाच्या तशा होत्या. कुणी तिथे राख घासली असती तर सावलीच्या आधी त्या गेल्या असत्या. शिवाय बाळाच्या चेहऱ्यावरही सावली नव्हती. झग्यावर होती, भिंतीवर होती, चेहऱ्यांवर नव्हती. म्हणजे चिताऱ्याला सावली काढता येत होती. चेहऱ्यांवर त्याने ती मुद्दाम घातली नव्हती.

मॅडम फार हळुवारपणे म्हणाल्या, "इकडच्या पुष्कळ चिताऱ्यांनी युरोपचं जवळजवळ सगळं घेतलं, गायकवाड. कपडे, डोंगर, देवदूत. पण चेहऱ्यावर काळोख टाकायला बरेच जण तयार नव्हते. या पाटाबद्दल मी छातीठोकपणे काही सांगू शकत नाही. पण हा माणूस चुकला होता, असं मला वाटत नाही."

त्या गेल्यावर मला आठवण झाली ती वडिलांची. छप्पन साली ते नव्या धम्मात आले तेव्हा तरुण होते. घरातले काय ठेवायचे आणि काय नदीत सोडायचे, यावर त्यांनी एकेका वस्तूपाशी बसून विचार केला होता. ते म्हणत, "नवं घेतलं म्हणजे सगळंच्या सगळं घ्यायचं असं नाही. आपण निवडायचं. निवडलं तर ते आपलं." त्या चिताऱ्यानेही तेच केले होते. परमुलखातून आलेले चित्र घेतले, निळा झगा घेतला, दिवा घेतला; बाळाला करगोटा घातला आणि आईचा चेहरा काळोखात जाऊ दिला नाही. आणि त्या निवडीला मी, अशा बापाचा मुलगा, चूक समजून सुधारले होते.

यानंतर मी लगेच मावशींकडे गेलो असतो तर या लेखात पश्चात्तापाचा भाग अर्धाच राहिला असता. मी गेलो नाही. तीन महिने गेलो नाही. तेलरंगाचे असे असते की तो वरून आठवड्याभरात सुकतो. आतून मात्र महिनोन्‌महिने घट्ट होत राहतो, आणि गडद तपकिरी रंग इतरांहून लवकर घट्ट होतो. मध्ये वॉर्निश नसल्यामुळे माझा रंग रोज थोडा थोडा त्या जुन्या रंगाला धरत चालला होता. हे मला पूर्ण ठाऊक होते. माझ्या गप्प राहण्याचा एकेक दिवस त्या चेहऱ्यावर कडक होत होता.

शेठना मी सांगितले तेव्हा ते वैतागले. "गिऱ्हाईक खूश, तिचे पाव्हणे खूश. तू एकटा कशाला सुतक धरून बसलास?"

"पुसायला हवं, शेठ."

"आणि पुसताना जुना रंग निघाला तर? मग ती म्हातारी आपल्याला सोडेल?"

"त्यासाठीच आधी तिला सांगायला हवं."

ते म्हणाले, "उल्हासनगरचा माल परत येतो, हे लोकांच्या तोंडून ऐकलंय मी. माल परत मागायला जाणारा तू पहिला. जा बाबा, जा."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी मावशींच्या घरी गेलो. त्या परातीत भिजलेले वाल सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले. वॉर्निश दिले नव्हते हेही. त्यांचे सोलणे थांबले.

"म्हणजे पाच महिने मी कुणाच्या तोंडाकडे बघून प्रार्थना केली?"



त्या उठल्या, माउलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मान खाली घातली. मला वाटले होते त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "खरं सांगू मास्तर? मला आवडलेली ती सावली. पोरं वाढवून दमलेली बाई वाटायची. माझ्यासारखी."

"मग राहू द्यायची का, मावशी?"

"नाय. ज्यानं काढली, त्यानं ती माझ्यासाठी नाय काढली." त्या वळल्या. "काढ तुझं तू. पण तिच्या डोळ्याला धक्का लागला तर?"

"लागणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. लागतोय असं वाटलं तर तिथे थांबेन, एवढंच सांगतो."

"मग मी येऊन बसणार. माझ्यासमोर काढायचं."

आणि त्या खरोखर येऊन बसत. आठवड्यातून दोन सकाळी बदलापूरहून रिक्षाने. शेठने दुकानातली सर्वांत उजेडाची जागा, दर्शनी काचेजवळची, रिकामी करून दिली. तिथे मांडलेल्या नव्या फ्रेमा आत नेल्या. एका बाजूला जीन्सची मशिने धडधडत, दुसऱ्या बाजूला मावशी जपमाळ ओढत, आणि मध्ये मी भिंगाखाली वाकलेला. एका बैठकीत तिळाएवढे चार-पाच ठिपके, याहून जास्त नाही. कापूस टेकवायचा, उचलायचा, पाहायचा. कापसावर तपकिरी आले तर ते माझे. गुलाबी झाक आली तर ती त्याची, आणि तिथे तत्क्षणी थांबायचे.

"आज कुणाचं निघालं?" मावशी विचारत.

"माझंच."

"मग चालू दे."

पापण्यांच्या भागाला पाच आठवडे लागले. त्या काळात घरी चहाचा कपही मी दोन्ही हातांनी धरत असे. पण जसजसा तो गाल मोकळा होत गेला, तसतसे मला त्या अज्ञात माणसाचे हात दिसू लागले. माझी सावली जिथे जिथे उतरे, तिथे खाली त्याचा उजळ रंग अगदी पातळ थरांत, एकावर एक, किती धीराने चढवलेला होता ते कळे. अंधार न वापरता गालाला गोलाई देणे अंधार टाकून देण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. फलकांवर आणि दुकानात मिळून तीस वर्षे मी काळोखाच्या जोरावर चेहरे उभे केले. याने तो आधार घेतलाच नव्हता. अशा कारागिराच्या कामावर हात चालवायला मिळाला, चुकीने का होईना, याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. मी केलेल्या कामांत सर्वांत चांगले काम कुठले असे कुणी विचारले, तर मी स्वतःचेच काम पुसले ते, असे मी सांगेन.

पुढच्या ऑगस्टमध्ये चेहरा मोकळा झाला. एक जागा सोडून. कानाच्या पाळीजवळ, जिथे मी सावली सर्वांत दाट दिली होती, तिथे नखाएवढा डाग उरला. बोळा टेकवला आणि तपकिरीबरोबर गुलाबी आले. मी काडी खाली ठेवली. मी गप्प राहिलो ते तीन महिने तिथे बसले होते.

"मावशी, एवढं निघणार नाही," मी म्हणालो. "वॉर्निश देऊन वरून तिच्या रंगाचा हात फिरवतो. कुणाला दिसणार नाही. आणि या वेळी पुसता येईल असाच देईन."

त्यांनी भिंग मागून घेतले. पुष्कळ वेळ पाहिले.

"नको," त्या म्हणाल्या. "आता कुणी हात लावायचा नाय. माझ्यापुरती एवढी सावली पुरे."

मग त्यांनी पाट उलटा करायला सांगितले आणि मागे काय लिहिले आहे ते मला मोठ्याने वाचायला लावले. 'चेहऱ्यावरील पुसली गेलेली सावली पूर्ववत केली.' मी खोडरबर घ्यायला हात पुढे केला.

"पुसू नको ते. रेघ मार. वाचता आलं पाहिजे."

मी रेघ मारली आणि खाली लिहिले: 'मूळ चेहऱ्यावर सावली नव्हती. ती मी समजुतीच्या चुकीने घातली आणि नंतर काढली. कानाजवळ थोडी उरली आहे. ती चिताऱ्याची नव्हे.'

"नाव?" मावशी म्हणाल्या.

"आमच्या धंद्यात नाव घालत नाहीत, मावशी."

"नाव नाय तर ही कबुली कुणाची? भिंतीची?"

शेठ गल्ल्यामागून म्हणाले, "लिही, गायकवाड. पूर्ण लिही. कॅम्प चार पण लिही."

मी पूर्ण नाव लिहिले आणि खाली कॅम्प चार, उल्हासनगर असे घातले. त्यानंतरच्या प्रत्येक सणाला मावशी मला बोलावतात. मेणबत्त्या लागल्या की माउलीचा चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा उजळतो आणि कानाजवळ तेवढा एक ठिपका दिसतो, जाणणाऱ्यालाच दिसतो. ज्याने तो चेहरा घडवला, त्याने पाटावर कुठेही आपले नाव लिहिलेले नाही. मी शोधले आहे. दोघांपैकी जो चुकला, त्याचेच नाव तेवढे तिथे आहे, आणि ते तसेच असावे असे मला वाटते.